सावलीत काळं, उन्हात निळं

"झाकण निळं आहे म्हणतात," दादा रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाला. "काळ्या गाडीला निळी डिकी पाठवलीय आपण."

गोडाऊनमध्ये तेव्हा आम्ही तिघंच होतो. माझा थोरला भाऊ जिनदत्त, म्हणजे दादा, फोनशी उभा होता. मी बिल्ट्यांच्या, म्हणजे मालपावत्यांच्या टेबलाशी होते. आणि दस्तगीरचाचा खाली पोत्यावर मांडी घालून एका पांढऱ्या झाकणावर फडकं फिरवत होते. त्यांचं फडकं थांबलं नाही, फक्त सावकाश झालं.

"कुठलं झाकण?" मी विचारलं.

"मडगावचं. गेल्या सोमवारी रेल्वेनं गेलं ते." दादा पुन्हा फोनमध्ये बोलू लागला. "होय... होय की. दोन-चार दिवस थांबा, लगेच पाठवू नका परत. आम्ही काहीतरी बघतो." त्यानं फोन ठेवला. मग म्हणाला, "चाचा, हे तिसरं."

"होय की," चाचा म्हणाले.

"मी काही बोलत नाही. दुसऱ्या वेळीही बोललो नव्हतो. तुमचं तुम्हीच म्हणाला होता, अजून एक रंगापायी परत आलं तर मीच घरी बसतो."

"म्हणालो होतो."

"मग आता काय करू मी?"

"तू काय करणार बाबा? झाकण परत आलं की मी जातो." चाचांनी फडकं उलटं केलं आणि पुन्हा पुसायला लागले. बोलणं जणू दुसऱ्याच कुणाविषयी चाललं होतं.

या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली.

आमचा धंदा सांगितला की पाहुणेमंडळी दोनदा विचारतात. महागड्या परदेशी गाड्यांच्या डिक्यांची झाकणं आम्ही विकतो. अख्खी गाडी नाही, इंजिन नाही, काचा नाहीत, फक्त मागचं झाकण. दुबईकडे मोडीत निघालेल्या गाड्यांची झाकणं कंटेनरनं मुंबईला उतरतात, ट्रकनं मिरजेला येतात आणि मिरजेहून हैदराबाद, बंगळूर, गोवा, जिथं कुठं कुणाची डिकी चेपली असेल तिथं जातात. मिरजेलाच का, तर मिरज जंक्शन आहे आणि आमचं घर तिथं आहे, यापलीकडे कारण नाही. दादाचं एक ठरलेलं वाक्य होतं. श्रीमंत माणूस गाडी पुढून स्वतः सांभाळतो, मागून ती देवाच्या हवाली असते. देवानं आमचं बरं चालवलं होतं.

गोडाऊनमध्ये ही झाकणं लोखंडी पाइपांना आकड्यांवर टांगलेली असत, दोन झाकणांच्या मधे एकेक जुनी चादर. दुपारी पत्र्याच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या आत पडायच्या आणि या झाकणावरून त्या झाकणावर हळूहळू सरकायच्या. मागच्या गल्लीत सतारी बनतात. तिथं कुणीतरी एकच तार तासन् तास लावत बसलेलं असे. ती लागतही नसे आणि सुटतही नसे. त्या आवाजात माणूस झोपत नाही, पण पुरता जागाही राहत नाही. मी चोवीस वर्षांची होते आणि माझा बराचसा दिवस त्या मधल्या जागेत जायचा. आई म्हणायची, "त्रिशला अंगानं हितं असती, जीव कुठं टांगून येती कुणाला ठावं."

चाचा जातीनं शिकलगार. त्यांच्या पूर्वजांनी सरदारांच्या तलवारींना धार लावली, तलवारी गेल्यावर सतारी हाती धरल्या. चाचांनी स्वतः तीस वर्षं सतारींना लाखेचं पॉलिश केलं. ते काम कमी होत गेलं तेव्हा दादानं त्यांना आमच्याकडे बोलावलं. डोळे मिटून ते झाकणावरून तळवा फिरवायचे आणि थांबायचे. "हितं हाय. तिळाएवढा." आम्ही वाकून वाकून बघायचो, आम्हाला काही दिसायचं नाही. मग ते आतून लाकडी ठोकणीनं दोन टिचक्या मारायचे आणि पोचा निघायचा. पॅकिंगही त्यांनीच शिकवलं. सतार जशी बांधतात तसं झाकण बांधायचं. आधी सुती साडीची घडी, मग भाताचा पेंढा, वर गोणपाट दाभणानं शिवलेला आणि बाहेरून लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. आमचा एकही नग वाटेत मोडला नाही.

मोडत नव्हता, पण रंग चुकत होता. गिऱ्हाइकाला कारखान्यातलाच मूळ रंग हवा असतो, नंतर रंगवलेलं झाकण कुणी घेत नाही. रंगाच्या नंबराची चिठ्ठी गाडीच्या अंगावर कुठंतरी असते, झाकणावर नसते. त्यामुळे रंग डोळ्यांनीच ठरवायचा. त्या वर्षी उन्हाळ्याआधी दोन झाकणं परत आली होती. एक चॉकलेटी म्हणून गेलं ते मरून निघालं. दुसरं चंदेरी म्हणून गेलं ते राखाडी होतं. त्या दुसऱ्या वेळीच चाचांनी तो शब्द दिला होता.

"मी जाऊन येते मडगावला," मी दादाला म्हणाले.

"जाऊन काय करणार? पुसून काळं करणार?"

"बोलून बघते. ठेवून घेतलं तर घेतलं. मंगलाक्काकडे राहीन." मंगलाक्का आमची मावसबहीण, मडगावात दिलेली.

दादानं माझ्याकडे बघितलं. त्याचा मुंबईचा कंटेनर यायचा होता, त्याला हलता येत नव्हतं. शिवाय चाचांना घालवायचं त्याच्याही जिवावर आलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "जा," तो म्हणाला. "देव पावला तर पावला."

मी निघाले तेव्हा चाचा दारापर्यंत आले. "कशाला जातीस बेटा? माजं काय, वय झालंच की."

"तुम्ही तो शब्द मागं घ्या चाचा."

"शब्द काय झाकण हाय, परत घ्यायला?" ते हसले. मी हसले नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी पिशवीत तिकीट शोधत होते, जे माझ्या हातातच होतं.

बेळगाव मागं पडल्यावर गाडी रिकामी झाली. लोंढ्यानंतर झाडी दोन्ही बाजूंनी इतकी जवळ आली की हात बाहेर काढला असता तर पानांचं पाणी बोटांना लागलं असतं. सप्टेंबर सरत आला होता. पाऊस नव्हता, पण डोंगर अजून गळत होते. बोगद्यात शिरलं की डब्यातला उजेड विझायचा, बाहेर आलं की धुकं आत यायचं आणि समोरच्या बाकावरची म्हातारी थोडी थोडी नाहीशी होऊन पुन्हा दिसायला लागायची. मी खिडकीला डोकं टेकलं होतं. आपण कुठं चाललोय आणि का, हे मला मधूनमधून आठवेनासं झालं, आणि तेच बरं वाटत होतं.

धबधब्यापाशी गाडी रेंगाळली. पांढरं पाणी वरून येत होतं, आमच्या खालून जात होतं, आणि तिकडे बघता बघता मला चाचांची ती दुपार आठवली.

दुसरं झाकण परत आल्यानंतर तीन-चार दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले होते. दादा बँकेत गेला होता. "बेटा," ते म्हणाले, "तुला एक सांगायचं हाय, पण तुज्यातच ठेव." त्यांना गडद रंग आता सगळे सारखेच दिसत होते. काळा, निळा, हिरवा, सगळं रात्रीगत. फिके रंगही धुतल्यासारखे. डॉक्टरनं सांगितलं होतं, हे असंच राहील, ऑपरेशनचा उपयोग नाही. "हात चांगले हायत माजे. पोचा चुकायचा न्हाई, पॉलिश चुकायचं न्हाई. फकस्त रंग तू सांगत जा. तुज्या दादाला कळलं तर तो मला बसवून पगार देईल. तसला पगार मला गिळायचा न्हाई."

तेव्हापासून आम्ही दोघं रोज सकाळी झाकण अंगणात न्यायचो. चाचांचा नियम पक्का होता. ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही. दहाचं ऊन अंगणात आलं की झाकण बाहेर काढायचं, सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि मगच बोलायचं. "कंचा?" ते विचारायचे. मी सांगायचे. ते मान हलवून खडूनं आतल्या बाजूला लिहायचे. दादाला वाटायचं, चाचा मला काम शिकवतायत. सहा महिने असे गेले. सहा महिन्यांत एकही झाकण परत आलं नव्हतं. खरं सांगते, मी आयुष्यात कुणाच्या इतक्या उपयोगी पडले नव्हते.

मडगावच्या बाहेर माडांच्या बागेत ते घर होतं. पोर्चमध्ये गाडी उभी होती, लांबलचक, काळी, मागून बघितली तरी मोठ्या माणसाची वाटणारी. ड्रायव्हरचं नाव मिंगेल, पन्नाशीचा, शर्टाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेला. फोन त्यानंच केला होता.

"हें पळय बाय," म्हणत त्यानं गाडी पोर्चमधून हातभर मागं घेतली. डिकीवर ऊन पडलं. गाडी काळी राहिली आणि मागचं झाकण निळं झालं. खोल पाण्याचा असतो तसला निळा. गाडी परत सावलीत घेतली तर सगळं एक काळं. "सावळेंत काळो, वतांत निळो," तो म्हणाला आणि हात झाडले, म्हणजे यात त्याचा काही दोष नाही.

चाचांचं पॉलिश मात्र असं होतं की वरचे माड त्यात पानापानासकट दिसत होते.

"ठोकली कुणी?" मी विचारलं.

"हांवें." मग माझ्यासाठी तो मराठीत आला. "मीच. माड उभा होता, मी गाडी मागं घेत होतो. मालकीणबाय मुंबईला गेली होती. कोणी बघितलं नाही."

"मग त्यांना कळलं कसं?"

"फोन करून सांगितलं."

"कुणी बघितलं नव्हतं तर सांगायचं कशाला?"

त्याला प्रश्न नीट कळला नसावा. "नाही सांगितलं तर जेवण कसं जाणार?" तो म्हणाला. मी हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण मी हसले.

मग घरातून उमाबाई दुकळे बाहेर आल्या. सत्तरीच्या, पांढरी सुती साडी, चपला न घालता सरळ अंगणात. मिंगेलनं आम्हा दोघींची ओळख करून दिली. त्यांनी मला खुर्ची दिली, शहाळं दिलं, मिरजेची हवा विचारली आणि मग गाडीकडे बघत विचारलं, "रंग कुणी बघितला होता हा?"

सोपा प्रश्न होता. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं. मी शहाळ्यातली नळी फिरवत बसले.

"आमच्याकडे एक जुने कारागीर आहेत," मी म्हणाले. "दस्तगीरचाचा. त्यांचे हात अजून सोन्यासारखे आहेत, बघा तुम्ही पॉलिश. पण डोळ्यांनी त्यांना आता रंग कळत नाहीत. हे झाकण परत आलं तर ते काम सोडणार आहेत. म्हणून मी आलेय."

बोलले ते सगळं खरं होतं. एवढं खरं बोलून इतकं खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. मिंगेल बाजूलाच फडकं घेऊन उभा होता, तो माझ्याकडे बघून चुकचुकला. म्हाताऱ्या कारागिराची त्याला दया आली होती.

उमाबाई झाकणाजवळ गेल्या. त्यांनी त्यावर हात ठेवला. "आमच्या ह्यांचं शेवटी असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "रंग कळायचे नाहीत. एकदा क्लबातून निघाले आणि दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसले. तो बिचारा माणूस ह्यांना घरी सोडून गेला, बोलला काही नाही." त्या जराशा हसल्या. "ही गाडी ह्यांची. मी विकत नाही, वापरतही नाही. मिंगेल धुतो आणि फिरवून आणतो. राहू दे निळं. ह्यांना तसाही फरक कळला नसता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानंच आलं, असं मी स्वतःला सांगितलं.

"तुझ्या भावाचा नंबर मिंगेलकडे आहे ना? मी बोलते त्याच्याशी," उमाबाई म्हणाल्या. "नाहीतर तुझ्या तोंडच्या शब्दावर त्याचा विश्वास बसायचा नाही."

मी हो म्हणाले. त्या काय बोलणार आहेत याचा मी विचारच केला नाही. मंगलाक्काकडे शेजारच्या मासळीच्या वासात, आमच्या जैन पद्धतीचा वरणभात जेवून मी झोपले. दुसऱ्या दिवशी गाडीत बसले, आणि घाट पुन्हा आला. धुकं, बोगदे, पाणी, सगळं उलट्या क्रमानं. आता मला सगळं आठवत होतं आणि तरी हलकं वाटत होतं. चाचा राहणार होते. झाकण राहिलं, चाचा राहिले. बाकीचं कुणाला कळायचं कारण नव्हतं. बोगद्यात काचेत माझा चेहरा यायचा, बाहेर आलं की झाडांत विरून जायचा.

मी स्टेशनवरून थेट गोडाऊनला गेले. दुपारचे चार वाजले असतील. चाचा पोत्यावर बसले होते, पण मांडीवर झाकण नव्हतं. त्यांच्या ठोकण्या, कापूस, मेणाचा डबा, सगळं एका फडक्यात बांधून शेजारी ठेवलेलं होतं.

"बाईंचा फोन आला होता," दादा म्हणाला. "झाकण ठेवून घेतलंय."

"मग हे काय?"

"बाई म्हणाल्या, त्या म्हाताऱ्याला ओरडू नका, त्याला बिचाऱ्याला रंग दिसत नाहीत." दादाचा आवाज चढला नाही. तो दुखावला होता. "मडगावच्या बाईला माहीत आहे. मला माहीत नाही. चाचा, मी परका होतो का तुम्हाला?"

चाचांनी गाठोड्याची गाठ आवळली. त्यांनी माझ्याकडेही बघितलं नाही.

"डोळेच नाहीत तर मी कुठल्या तोंडानं गिऱ्हाइकाला सांगू, माल बघून पाठवलाय म्हणून?" दादा म्हणाला. "तुम्ही घरी बसा. पगार दर महिन्याला सिद्राम घेऊन येईल." सिद्राम म्हणजे आमचा हमाल. तो पलीकडे झाकणं टांगत होता, नाव ऐकून थांबला.

"पगार नको," चाचा म्हणाले आणि गाठोडं घेऊन उठायला लागले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत, ते नेहमी उठायचे तसे.

मी त्यांना मडगावला वाचवलं होतं आणि तिथंच घालवलंही होतं. हे मला त्यांच्या गुडघ्यांकडे बघताना कळलं.

"दादा, थांब," मी म्हणाले. "रंग चाचा बघतच नव्हते. सहा महिने मी बघतेय. रोज अंगणात नेऊन. सहा महिन्यांत एक तरी परत आलं का?"

"मडगावचं आलं असतं की."

"ते मी अंगणात नेलंच नव्हतं."

हे वाक्य मी आठ दिवस गिळून बसले होते. बाहेर आलं तेव्हा अगदी साधं निघालं.

झालं होतं असं. ते झाकण संध्याकाळी आलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पार्सलनं जायचं होतं. त्याच दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरचे पाहुणे मला बघायला येणार होते. चाचांनी घाईघाईनं पॉलिश केलं आणि म्हणाले, "बेटा, अजून थोडं ऊन हाय. पळत बाहेर नेऊन बघ." आणि ते नमाजाला गेले. मी झाकण उचललं. ट्यूबलाइटखाली ते उभं धरलं, आणि त्यात मी दिसले. घरच्या आरशात मी कधी अशी दिसले नव्हते. नाक सरळ, डोळे मोठे, चेहऱ्यावर एक गडद शांत तजेला. मी मान इकडे करून बघितली, तिकडे करून बघितली. केस मोकळे सोडून बघितले. पाहुणे काय विचारतील, मी काय सांगेन, कसं हसेन, सगळं त्या झाकणात बघितलं. किती वेळ गेला मला माहीत नाही. चाचा परत आले तेव्हा ऊन केव्हाच गेलं होतं. "कंचा?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "काळा." मी झाकणाचा रंग बघितलाच नव्हता. मी फक्त मला बघितलं होतं.

हे मी दादाला सांगितलं. केस मोकळे सोडल्याचं सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं. सिद्राम खाली मान घालून ऐकत होता. जयसिंगपूरच्या पाहुण्यांनी "कळवतो" म्हणून सांगितलं होतं. ते अजून कळवतायत.

दादा माझ्या टेबलाच्या कडेला टेकला. मग चाचांना म्हणाला, "तुम्हाला तरी कळलं नाही का?"

"कळलं होतं," चाचा म्हणाले.

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघायला लागलो.

"तुज्या चाचीनं, राबियानं, त्या रात्री घरी फडकी धुतली. म्हणाली, आज पाणी निळं सुटतंय, काय पुसून आणलंय? रंग जुना असला तर फडक्याला लागतो."

"मग सकाळी पार्सल थांबवायचं नाही का चाचा?" मी विचारलं.

"तू काळा म्हणाली होतीस न्हवं?" चाचा म्हणाले. "मी राबियाला म्हटलं, तुज्या बल्बचा उजेड पिवळा हाय, तुला काय कळतंय. आमच्या पोरीनं उन्हात बघितलंय."

ते रागावून बोलले असते तर मला सोसलं असतं. ते नुसतं झालं ते सांगत होते.

दादानं त्यांच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि पोत्यावर ठेवलं. "चाचा, पोचा आणि पॉलिश तुमचं," तो म्हणाला. "रंग कुणीही सांगू दे, पण उन्हात बघून. आणि पुन्हा माझ्यापासून काही झाकून ठेवायचं नाही, दोघांनीही."

चाचांनी गाठोड्याची गाठ सोडली. ठोकण्या एकेक करून जागच्या जागी मांडल्या. मी जवळ गेले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच, जड आणि उबदार. म्हणाले, "जा, घरी जा. दमून आलीस." मला वाटलं, सगळं पहिल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधीच मी अंगणात जाऊन उभी राहिले. ऊन भिंतीवरून उतरत होतं. मागच्या गल्लीत तार लावायला सुरुवात झाली होती. चाचा झाकण घेऊन बाहेर आले, दोन्ही हातांनी पोटाशी धरून, ताट आणावं तसं. मी सूर्याकडे पाठ केली. त्या दिवशीचं झाकण कसं होतं ते मला अजून दिसतं. फिकट सोनेरी, त्यात जरासा दुधाचा रंग. त्या रंगाला कंपनीनं काहीतरी भारी नाव दिलेलं असतं.

चाचा माझ्याजवळून पुढं गेले. फाटकाशी सिद्राम बिडी ओढत बसला होता. त्यांनी झाकण त्याच्यासमोर उन्हात धरलं.

"सिद्राम, हे बघ रे. कंचा रंग?"

सिद्राम गडबडला. त्यानं बिडी विझवली, माझ्याकडे बघितलं, मग झाकणाकडे बघितलं. पाठीवर ओझी वाहणारा माणूस, त्याला असलं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं मान वाकडी करून करून बघितलं. "मातकट," तो म्हणाला.

"नीट बघ. घाई न्हाई."

त्यानं पुन्हा बघितलं. उठून दुसऱ्या बाजूनं बघितलं. "मातकटच. वाळल्या गवताचा असतो तसला."

चाचांनी मान हलवली. खिशातनं खडू काढला आणि आतल्या बाजूला लिहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, कोचीनची बिल्टी झाली का?" आवाजात राग नव्हता, तुटकपणा नव्हता, काही म्हणता काही नव्हतं.

"करते," मी म्हणाले.

त्यानंतर चाचांनी आमच्याकडे अकरा वर्षं काम केलं. मला मिरजेतच दिलं, त्या लग्नात ते राबियाचाचींना घेऊन आले, पंक्तीत बसून जेवले, माझ्या मुलीला त्यांनी खेळण्यातली सतार करून दिली. सिद्राम नसला की ते रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्याला थांबवायचे, पोस्टमनला थांबवायचे, एकदा तर शाळेच्या मास्तरांची अख्खी सायकल थांबवली. त्या अकरा वर्षांत रंगापायी एकही झाकण परत आलं नाही. रोज दहाला मी अंगणात असायचे, त्यांच्यापासून चार हातांवर. मला मात्र त्यांनी रंग पुन्हा कधीच विचारला नाही.